संत बहिणाबाई : घर सोडलं नाही, गुरूही सोडले नाहीत



संतचरित्र या सदरात आज संत बहिणाबाई. आधी एक खुलासा. शेतावरच्या, घरोट्यावरच्या कवितांमुळे आपल्याला माहीत असलेल्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. त्या १८८० ते १९५१ या काळातल्या. आज ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या शिऊरच्या बहिणाबाई, तुकोबारायांच्या शिष्या. त्यांचा काळ १६२८ ते १७००. म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या.

त्यांचं चरित्र आपल्याला कळतं ते त्यांच्याच अभंगांतून. जन्मापासून पुढची सगळी हकीकत त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे, त्याला आत्मनिवेदन म्हणतात. त्या काळात एका बाईनं आपलं आयुष्य असं सांगावं, तेही काही न लपवता, ही फार मोठी गोष्ट आहे.

*बालपण आणि लग्न*

वेरूळजवळचं देवगाव हे त्यांचं जन्मगाव. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. पुष्कळ नवस-अनुष्ठानानंतर झालेली ही मुलगी. खेळण्याच्या वयातच तिचं लग्न लावून दिलं. नवरा शिऊरच्या पाठक घराण्यातला, बिजवर, वय तिशीचं. तेव्हा असंच चालायचं हे खरं, पण वाचताना पोटात कालवतंच.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत माहेरी भाऊबंदकी पेटली. कर्ज आणि वतनाची भांडणं इतकी वाढली की सगळ्यांना रातोरात गाव सोडावं लागलं. आईवडील, जावई आणि लहानगी बहिणा असे सगळे निघाले. वाटेत भिक्षा मागून खायचं. आधी पंढरपूर, मग शिखर शिंगणापूर, काही काळ रहिमतपूर आणि शेवटी कोल्हापूर. तिथे हिरंभट नावाच्या ब्राह्मणानं आपल्या घरात आसरा दिला.

*वासरू आणि कीर्तन*

हिरंभटांना दानात आलेली एक गाय त्यांनी या कुटुंबाला दिली. तिला एक वासरू होतं, आणि त्या वासराला बहिणाचा असा लळा लागला की ती पाण्याला निघाली तरी ते मागे. कोल्हापुरात तेव्हा जयरामस्वामींची कीर्तनं चालत. बहिणा कीर्तनाला गेली की वासरूही तिच्यासोबत जाऊन उभं राहायचं. एकदा गर्दीत लोकांनी त्याला हाकललं. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी वासराला परत आत आणवलं आणि त्याच्या आणि बहिणाच्या डोक्यावर हात ठेवला.

गावात चर्चा झाली. कुणीतरी नवऱ्याच्या कानावर घातलं. तो वेदपाठी, रागीट माणूस. त्यानं बहिणाला वेणी धरून मारलं आणि बांधून ठेवलं. गाईनं आणि वासरानं चारा-पाणी सोडलं. पुढे वासरू गेलं, आणि बहिणा काही दिवस शुद्धीवरच नव्हती.

जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग तिच्या कानावर पडले होते. ते तिच्या मनात घोळत राहिले. तुकोबांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. १६४० साली, कार्तिक महिन्यात, तुकोबांनी स्वप्नात येऊन आपल्याला मंत्र दिला असं त्या सांगतात. बहिणाचं वय तेव्हा अवघं बारा.

*घरातला विरोध*

आता खरी अडचण सुरू झाली. तुकोबा जातीनं कुणबी, धंद्यानं वाणी. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानायचं हे नवऱ्याला सहनच होईना. लोक बहिणाच्या दर्शनाला येऊ लागले तेव्हा त्याचा अहंकार आणखी दुखावला. आपल्याला कुणी विचारत नाही आणि हिच्या पाया पडतात! त्यानं बायकोला माहेरच्यांच्या हवाली करून कायमचं निघून जायचं ठरवलं.

इथे बहिणाबाईंच्या मनात काय चाललं होतं ते अभंगांतून दिसतं. नवरा सोडून जाईल ही धास्ती आहे. वेद बाईला ऐकू देत नाहीत, शास्त्र तिला बाजूला ठेवतं, मग बाईच्या जन्मानं परमार्थ करायचा तरी कसा, हा प्रश्न त्या उघडपणे विचारतात. दुसरीकडे पतिव्रताधर्मावरही त्यांनी भरपूर लिहिलं आहे. आज ते वाचताना काही बहिणींना अडखळायला होईल. पण त्यांनी केलं काय ते पाहा. नवऱ्याची सेवा सोडली नाही, आणि तुकोबांचं नावही सोडलं नाही. मार खाल्ला म्हणून गुरू बदलले नाहीत.

नवरा निघायच्या बेतात असतानाच तापानं आजारी पडला. बहिणाबाईंनी रात्रंदिवस शुश्रूषा केली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला आपली चूक कळली. एका संताची निंदा आपण केली हे त्याच्या मनाला लागलं. बरा झाल्यावर तोच सगळ्यांना घेऊन देहूला निघाला. कोल्हापूर ते देहू दोनशे किलोमीटरहून जास्त वाट, तीही पायी, आणि सोबत ती गाय.

*देहू*

देहूला पोचले तेव्हा आरती चालू होती. स्वप्नात पाहिलेले तुकोबा बहिणाबाईंनी तिथे प्रत्यक्ष पाहिले. पण इथेही वाट सोपी नव्हती. देहूत मंबाजी नावाचा गोसावी होता. या कुटुंबानं आपल्याला गुरू करावं अशी त्याची इच्छा. ते तुकोबांकडे गेले म्हणून त्यानं छळ मांडला, अगदी त्यांची गाय नेऊन तिलाही मारलं. या वेळी मात्र फरक होता. नवरा आता बहिणाबाईंच्या बाजूनं उभा होता. देहूतच त्यांची मुलगी काशी जन्मली. पुढे मुलगा विठोबा झाला.

१६५० साली तुकोबा वैकुंठाला गेले. बहिणाबाई पुढे शिऊरला स्थिरावल्या आणि पन्नास वर्षं संसार आणि परमार्थ दोन्ही चालवत राहिल्या. वारकरी संप्रदायाची इमारत कशी उभी राहिली, ज्ञानेश्वरांनी पाया कसा रचला आणि कळस तुकोबा कसे झाले, हे सांगणारा जो अभंग प्रत्येक कीर्तनात ऐकू येतो तो बहिणाबाईंच्याच नावावर आहे. वज्रसूची या संस्कृत ग्रंथाचं त्यांनी मराठी अभंगांत रूपांतर केलं. ब्राह्मणपण जन्मावर ठरत नाही, हा त्या ग्रंथाचा विषय. ज्या कारणावरून घरात मार खाल्ला, त्याच प्रश्नाचं उत्तर त्यांनी असं शांतपणे लिहून ठेवलं.

१७०० साली, शेवट जवळ आल्याचं जाणवलं तेव्हा बाहेरगावी गेलेल्या विठोबाला त्यांनी बोलावून घेतलं. आपले मागचे बारा जन्म आणि हा तेरावा, असं सगळं त्याला सांगितलं आणि देह ठेवला. वय बहात्तर. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला त्यांची समाधी आहे. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्यानं त्यांच्या आत्मनिवेदनाचं इंग्रजी भाषांतर छापलं, त्यामुळे आज परदेशातले अभ्यासकही त्यांना ओळखतात.

*आपल्या घरांसाठी*

आपण बायका या चरित्रातून सहनशीलतेचा धडा घेतो आणि तिथेच थांबतो. मला वाटतं धडा घरातल्या बाकीच्यांसाठी जास्त आहे. बहिणाबाईंना मार पडला, त्यामुळे त्यांची भक्ती मोठी झाली असं नाही. ती आधीच मोठी होती. तो मार चूकच होता, आणि ते शेवटी नवऱ्यालाही कळलं. पण कळायला त्याला मरणाच्या दारात जावं लागलं. आपल्या घरात तितकी वेळ कशाला येऊ द्यायची?

सून सत्संगाला निघाली की स्वयंपाकाचं काय, असं विचारतो का आपण? मुलगी जपाला बसली की तिलाच हाक मारतो का? आणि उलटही पाहावं. घरातले कुणी आपल्या गुरूंना मानत नसतील तर त्यांच्याशी अबोला धरतो का? बहिणाबाईंनी न मानणाऱ्या नवऱ्याचीही शुश्रूषा केली, हेही चरित्रात आहेच.

आपल्या बालाघाटात पोवार, कुणबी, मरार, कोष्टी, ब्राह्मण अशी सगळी घरं सत्संगात शेजारी बसतात, एकाच पंगतीत प्रसाद घेतात. हे आज सहज वाटतं. पावणेचारशे वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका लहान मुलीनं यासाठी काय सोसलं ते आपल्या मुलांना माहीत असावं. मुलं हिंदी शाळेत शिकतात, पण लिपी तीच आहे. आज जेवणानंतर हा मजकूर त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा. अडलेला शब्द आजीनं सांगावा.


— एक सेविका, बालाघाट