बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (जन्म : १९ मार्च १८७६, धारवाड, मृत्यू : ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एक राजकीय पुढारी होते. क्रिकेटच्या जगात ते पी. बाळू किंवा पालवणकर बाळू या नावाने ओळखले जात. आडनाव काही ठिकाणी पाळवणकर असेही लिहिलेले आढळते. डाव्या हाताने संथ फिरकी गोलंदाजी करणारे बाळू विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला, तोपर्यंत त्यांची कारकीर्द संपून बारा वर्षे झाली होती. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

== कुटुंब आणि बालपण ==

पालवणकर कुटुंब चांभार समाजातील. आडनाव कोकणातील पालवण या गावावरून आले. बाळूंचे वडील लष्कराच्या नोकरीत होते आणि त्या निमित्ताने कुटुंब कोकणाबाहेर पडले. महार व चांभार समाजातील कोकणी कुटुंबांना त्या काळी गावगाड्याबाहेर पडण्याचा जो एक मार्ग होता, तो बहुधा पलटणीतूनच जात असे. बाळूंचा जन्म धारवाडचा, वाढ मात्र पुण्यातली. पुण्याच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू व त्यांचे भाऊ खेळू लागले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे धाकटे भाऊही पुढे हिंदू संघातून खेळले. एकाच घरातील चार भाऊ प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळल्याची उदाहरणे भारतात फार थोडी आहेत.

== पुण्यातील दिवस ==

क्रिकेटशी संबंधित बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या मैदानावर होती. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये गेले. तिथे रुपया वाढला आणि कामही वाढले : मैदान निगुतीने राखणे, खेळपट्टी आखणे, सरावासाठी जाळी लावणे, वेळ पडल्यास टेनिसच्या मैदानाच्या रेषा मारणे. फावल्या वेळात ते क्लबच्या सभासदांना गोलंदाजी करत असत आणि त्यांच्या हातातील कसब एका इंग्रज खेळाडूच्या ध्यानी आले. त्यानंतर सरावाची गोलंदाजी हेच त्यांचे मुख्य काम झाले.

या सभासदांत कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग हा त्या वेळचा भारतातील अव्वल गोरा फलंदाज होता. इतर सभासद येण्याच्या आधी तो मैदानावर पोचे आणि बाळूंना समोर उभे करून सराव करी. बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी तो त्यांना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, ग्रेगसारख्या फलंदाजाला शेकडो तास गोलंदाजी करूनच बाळूंची दिशा, टप्पा व चेंडूची फिरकी पक्की झाली, याविषयी दुमत नाही. दुसरी बाजूही इथेच नोंदवायला हवी. त्या सर्व वर्षांत पूना क्लबच्या जाळीत बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम आणि चेंडू टाकणे हे नोकराचे, अशी ही विभागणी होती. पुढील आयुष्यात त्यांनी तळाला येऊन उपयुक्त धावा काढल्या खऱ्या, पण फलंदाज म्हणून घडण्याचे वय जाळीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

पुण्यातील हिंदूंचा क्लब गोऱ्यांच्या क्लबला आव्हान देण्याच्या तयारीत होता. त्यांच्यापुढे पेच उभा राहिला : शहरातील सर्वांत चांगला हिंदू गोलंदाज चांभार होता. क्लबमध्ये ब्राह्मणांचे प्राबल्य होते आणि बाळूंना संघात घेण्यास अनेकांचा विरोध होता. अखेर जिंकण्याची इच्छा विरोधावर मात करून गेली आणि बाळू संघात आले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळत होते. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे, तर बाकीच्यांना चिनी मातीच्या कपांतून. जेवणासाठी त्यांचे ताट वेगळे आणि जागाही वेगळी. तोंड धुण्याचे पाणी आणून देण्यासाठी त्यांच्याच समाजातील माणूस ठेवलेला असे. बळी मिळाले की पाठीवर थाप पडे, आणि डाव संपला की तीच माणसे हात आखडून घेत.

बाळूंच्या गोलंदाजीच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांच्या संघांना हरवले. साताऱ्याच्या जिमखान्याने आपल्या खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवून ती इतकी कडक केली की फिरकीला वाव राहू नये, तरीही बाळूंनी तिथे सात बळी घेतले. या विजयांनंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर आपण खेळतो त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत ती काय, हा प्रश्न रानड्यांनी त्या निमित्ताने आपल्या समाजापुढे ठेवला. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा सत्कार केला.

== मुंबई आणि हिंदू जिमखाना ==

१८९६ च्या प्लेगनंतर पालवणकर कुटुंब मुंबईस आले. बाळूंनी काही काळ ११२ व्या पायदळ पलटणीत नोकरी केली. त्यानंतर परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांचा प्रवेश झाला. इथेही जातीचा प्रश्न निघाला आणि काही सभासदांनी हरकत घेतली, परंतु तत्कालीन कर्णधार कीर्तिकर यांनी ती मोडून काढली. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाल्यावर बाळू रेल्वेच्या संघाकडूनही खेळू लागले. मुंबईचे वातावरण पुण्यापेक्षा मोकळे होते आणि जिमखान्यात हळूहळू ते इतरांच्या पंगतीला बसू लागले, असे दिसते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात झालेला सामना भारतीय क्रिकेटच्या इतिहासातील एक मोठा टप्पा मानला जातो. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत आटोपला होता. दुसऱ्या डावात त्यांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या, पण ते १०२ धावांत बाद झाले आणि हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी सामन्यात आठ बळी मिळवले. या संघात बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम हेही होते. सुधारकी विचारांच्या वृत्तपत्रांनी या विजयाचे श्रेय केवळ खेळाला न देता, ज्या संघाने जातीची भिंत बाजूला सारली त्या संघाला दिले. पुढच्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना पुन्हा हरवले, आणि या वेळी विजयाचे अंतर २३८ धावांचे होते.

१९०७ पासून पारशी, हिंदू आणि युरोपियन यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली व १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली. पावसाळा संपल्यावर भरणाऱ्या या सामन्यांना मुंबईत मोठी गर्दी लोटत असे. धर्मावर बेतलेल्या या स्पर्धेत हिंदूंचा प्रमुख आधारस्तंभ असा गोलंदाज होता, ज्याच्या समाजाला हिंदूंच्या बहुतेक देवळांत पाऊल टाकता येत नव्हते. ही विसंगती त्या काळच्या प्रेक्षकांच्याही नजरेतून सुटली नव्हती.

== १९११ चा इंग्लंड दौरा ==

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेला. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू होते, आणि हिंदूंमध्ये बाळू व शिवराम हे दोघे बंधू. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा लंडनमधील मेजवान्या व समारंभांकडे अधिक होते आणि बहुतेक सामन्यांत ते मैदानात उतरलेच नाहीत. संघाला २३ सामन्यांपैकी सहाच जिंकता आले, १५ गमावले आणि दोन अनिर्णित राहिले.

या निराशाजनक दौऱ्यात बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. प्रत्येक बळीसाठी त्यांनी सरासरी १८.८४ धावा दिल्या. केवळ प्रथम श्रेणीचे सामने धरले तर बळींची संख्या ७५ आणि सरासरी २०.१२ अशी होती. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत आठ बळी घेतले आणि ती त्यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी राहिली. लीस्टरशायरविरुद्धच्या सामन्यात त्यांना एकूण अकरा बळी मिळाले आणि भारतीय संघाने इंग्लंडमध्ये प्रथमच एखाद्या काउंटीला हरवले. त्यानंतर सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद ११३ धावा काढून एक गडी राखून विजय मिळवून दिला. दौऱ्यातील प्रथम श्रेणीचे विजय हे दोनच, आणि दोन्हींमध्ये एकेका पालवणकराचा हात होता. या वेळी बाळूंचे वय ३५ होते आणि खांदा दुखत होता. ऐन उमेदीत ते इंग्लंडला गेले असते तर काय झाले असते, ही चर्चा क्रिकेटच्या अभ्यासकांत आजही होते.

मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांच्या पिढीला बाळू हे आपल्या समाजाचे पहिले सर्वज्ञात नायक वाटत होते.

== कर्णधारपदाचा प्रश्न ==

ज्येष्ठता, अनुभव आणि कामगिरी या तिन्ही कसोट्यांवर १९११ नंतर हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे जायला हवे होते. ते कधीच गेले नाही. दरवर्षी त्यांच्या समर्थकांची मागणी होई आणि दरवर्षी निवड समिती एखाद्या उच्चवर्णीय खेळाडूची निवड करी. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी आपल्या सत्काराच्या प्रसंगीच हा मान बाळूंना मिळायला हवा होता, असे मोकळेपणाने सांगितले. समितीच्या वागण्यात त्यामुळे काही फरक पडला नाही.

१९२० साली प्रकरण उघड्यावर आले. पै आजारी असल्याने कर्णधारपद रिकामे झाले होते. ४४ वर्षांच्या बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि विठ्ठल हे ज्येष्ठ असताना त्यांना डावलून दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमण्यात आले. शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू पत्रकाद्वारे जाहीर केली. निवडीमागे खेळ नसून जात आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. असहकाराच्या चळवळीने आणि अस्पृश्यतेविरुद्ध गांधीजींच्या प्रचाराने वातावरण तापलेले असल्याने मुंबईच्या लोकमताचा मोठा भाग भावांच्या बाजूने उभा राहिला. पारशांविरुद्धच्या सामन्यासाठी तिन्ही भावांना परत बोलावण्यात आले, बरे झालेले पै कर्णधार झाले आणि बाळू उपकर्णधार. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पै मुद्दामच बाहेर गेले असावेत, असे मानले जाते. बाळूंच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. तोवर बाळू खेळातून निवृत्त झाले होते. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आपले आत्मचरित्र लिहिले आणि पालवणकर बंधूंविषयी आज जे ज्ञात आहे त्यातील बराच भाग त्यातूनच आलेला आहे.

प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले आणि ७५३ धावा केल्या. पुण्यातील सुरुवातीचे सामने या आकड्यांत नाहीत.

== राजकारण ==

खेळातून मिळालेल्या कीर्तीमुळे बाळू मुंबईच्या सार्वजनिक जीवनात ओढले गेले. ते स्वभावाने मितभाषी होते आणि संघर्षापेक्षा समजुतीचा मार्ग त्यांना जवळचा वाटे. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत या डॉ. आंबेडकरांच्या मागणीस त्यांचा पाठिंबा नव्हता. १९३२ मध्ये एम. सी. राजा यांच्याप्रमाणे त्यांनी संयुक्त मतदारसंघांची बाजू घेतली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी झालेल्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचाही समावेश होता. पुढच्या वर्षी हिंदू महासभेतर्फे त्यांनी मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली, परंतु त्यात त्यांचा पराभव झाला.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबई शहरातील राखीव जागेसाठी डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. आंबेडकरांसारख्या नेत्याविरुद्ध, त्यांच्याच प्रभावाच्या शहरात, निवृत्तीनंतर सतरा वर्षांनीही एका क्रिकेटपटूने एवढी मते घ्यावीत, यावरून बाळूंच्या लोकप्रियतेचा अंदाज येतो. मात्र आंबेडकरी चळवळीच्या स्मृतीत या उमेदवारीमुळे बाळूंचे स्थान अवघड झाले, आणि पुढील काही दशके त्यांच्या नावाचा उल्लेख क्वचितच होत राहिला. क्रिकेटच्या इतिहासकारांनी त्यांना कसोटीपूर्व काळात ठेवून दिले, तर सामाजिक इतिहासाने विरोधी पक्षात.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू पालवणकर यांचे निधन झाले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पालवणकर बंधूंची हकिगत विस्ताराने मांडली, तेव्हापासून त्यांच्या कारकिर्दीविषयी पुन्हा लिहिले जाऊ लागले.