बंदुकीकडून बियाण्याकडे

पावसाळ्यात गिरगाव चौपाटीवर गेलात तर दोन गोष्टी हमखास दिसतात. निखाऱ्यावर कणसं भाजणारा भुट्टेवाला आणि जवळच लोकमान्य टिळकांचा पुतळा. टिळक आणि मका, या दोघांचाही ज्याच्या आयुष्याशी संबंध आला असा एक माणूस होऊन गेला. पांडुरंग सदाशिव खानखोजे. नाव ऐकलंय? इतिहासाच्या पुस्तकात गदर पार्टीच्या धड्यात कदाचित ओझरतं वाचलं असेल. पण त्यांची खरी गोष्ट त्या धड्यानंतर सुरू होते.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. तुमच्याच वयाचे असताना त्यांच्या डोक्यात एकच विचार होता, इंग्रजांना हाकलायचं. त्यासाठी परदेशात जाऊन लष्करी शिक्षण घ्यावं, असा सल्ला टिळकांनी दिला आणि १९०६ च्या सुमारास हा मुलगा घर सोडून निघाला. आधी जपान, मग अमेरिका. तिथे त्यांनी एकीकडे मिलिटरी अकॅडमीत कवायत केली आणि दुसरीकडे ओरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकले. आजच्या भाषेत डबल मेजर म्हणा ना! लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी कामगारांशी ओळखी झाल्या आणि १९१३ मध्ये गदर चळवळ उभी राहिली, तेव्हा ते तिच्या पहिल्या फळीत होते.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पुस्तकं बाजूला पडली. वेश बदलून ते इराणमध्ये पोहोचले, तिथल्या टोळ्यांना सोबत घेऊन इंग्रजांशी लढले, पकडले गेले आणि निसटलेही. पुढे बर्लिन झालं, १९२१ मध्ये मॉस्को झालं. पण हाती काय लागलं? युद्ध इंग्रजांनी जिंकलं होतं आणि खानखोजेंचं नाव त्यांच्या काळ्या यादीत होतं. घरी परतायची वाट बंद. वय चाळिशीकडे झुकलेलं. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

त्यांनी १९२४ मध्ये मेक्सिको गाठलं. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि गरीब शेतकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या होत्या. पण नुसत्या जमिनीने पोट भरत नाही, चांगलं बियाणंही लागतं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक होऊन त्यांनी तेच काम हाती घेतलं.

आता नवं वाण तयार करायचं म्हणजे काय, ते बघा. मक्याच्या ताटाला शेंड्यावर तुरा येतो, तो नर. खाली कणसाला केस फुटतात, ते मादीचे. एरवी वारा कुठलाही पराग कुठेही नेतो. वाण काढणारा माणूस कणसावर आधीच पिशवी बांधतो, त्याला हव्या त्या ताटाचा पराग केसांवर टाकतो आणि पिशवी परत बांधतो. मग ते दाणे पेरायचे, चांगली ताटं ठेवायची, बाकीची बाद करायची. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. फळझाडाच्या बाबतीत तर एका पिढीसाठी अनेक वर्षं थांबावं लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आंबा दिला, त्यामागेही असाच धीर होता.

खानखोजेंनी मक्याचा संकर केला तो टिओसिंटे नावाच्या रानगवताशी. हे गवत म्हणजे मक्याचा पूर्वज. दाणे मोजके आणि टणक, पण ताट काटक आणि कणसं बरीच. मक्याबरोबरच कमी पाण्यात आणि थंडीत तग धरणाऱ्या गव्हावरही त्यांनी काम केलं. शिकलेलं कॉलेजच्या भिंतीत राहू नये म्हणून शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळाही काढल्या. टीना मोदोत्ती या नामवंत छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या मक्याचे फोटो काढले. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रात जेवणाच्या टेबलाशी बसून भाकर मोडणारा माणूस दिसतो, तो खानखोजेंवर बेतलेला. गूगल करून बघाच.

पण एक बोच राहिलीच. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. पीक कसं वाढवायचं हे कळणारा आपला एक माणूस तेव्हा हजारो मैलांवर होता. इंग्रज गेल्यावर, १९४९ मध्ये, म्हणजे निघाल्याला चाळीसहून जास्त वर्षं झाल्यावर, ते भारतात येऊ शकले. पुढे पत्नी आणि दोन मुलींसह नागपुरात स्थायिक झाले. मुलगी सावित्री साहनी यांनी त्यांचं चरित्र लिहिलंय, जमल्यास मिळवून वाचा.

जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. त्याच रब्बी हंगामात भारतातल्या शेतांत एक नवा गहू उभा होता. आदल्या वर्षी आपण तब्बल अठरा हजार टन बियाणं परदेशातून मागवलं होतं. ते खानखोजेंचं वाण नव्हतं, दुसऱ्या शास्त्रज्ञांचं होतं. हरितक्रांती त्यातूनच झाली. ते बियाणं आलं होतं मेक्सिकोहून.