शस्त्रांची किंमत जाणणारा सेनापती

ड्वाइट आयसेनहॉवर हे नाव आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आहे. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना डॉक्टर ऑफ लॉज ही सन्माननीय पदवी दिली, तेव्हा त्या विद्यापीठाचे अध्यक्षपद रजेवर असलेल्या आयसेनहॉवर यांच्याकडेच होते.

१८९० साली टेक्सासमध्ये जन्मलेले आयसेनहॉवर कॅन्ससमधील ॲबिलीन गावी गरीब घरात वाढले. आई युद्धाच्या विरोधात. पण शिक्षण फुकट मिळते म्हणून मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. ६ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या त्या त्यांच्याच हुकुमाने.

१९५३ साली ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. शस्त्रांवरचा खर्च म्हणजे उपाशी माणसाच्या तोंडचा घास काढणे होय, असे त्यांनी एप्रिलमध्ये जाहीरपणे बजावले. आणि वर्षभरातच पाकिस्तानला लष्करी मदत देण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. परराष्ट्रमंत्री डलेस यांना रशियाविरुद्ध मित्र हवे होते. नेहरूंचा कडवा विरोध होता. काश्मीरचा वाद पेटलेलाच होता. फेब्रुवारी १९५४ मध्ये आयसेनहॉवर यांनी होकार दिला. या मदतीचा आक्रमणासाठी गैरवापर झाला तर आपण तो रोखू, अशी हमी त्यांनी नेहरूंना पत्राने दिली. मे महिन्यात करार झाला.

१९५७ साली याच आयसेनहॉवर यांनी लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या मुलांना शाळेत बसता यावे म्हणून सैन्य पाठवले. त्याच वर्षी पाकिस्तानला लष्करी मित्र करण्याचा निर्णय चुकला, हेही त्यांनी आपल्या सुरक्षा परिषदेत कबूल केले. पण मदत थांबली नाही! १९६१ साली निरोपाच्या भाषणात त्यांनी सैन्य आणि शस्त्र कारखानदार यांच्या युतीपासून देशाला सावध केले. १९६५ साली खेमकरणच्या शेतांत अमेरिकन पॅटन रणगाडे भारताविरुद्ध धडधडले. हमी कुठे गेली? ती देणारे तेव्हा सत्तेवर नव्हते. २८ मार्च १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्राला शस्त्र देताना देणारा आपला शत्रू पाहतो; घेणारा मात्र स्वतःचा शत्रू पाहतो. पत्रातली हमी बंदुकीची नळी वळवू शकत नाही. आणि त्या नळीसमोर दोन्ही बाजूंनी उभा असतो तो शेतकऱ्या-कष्टकऱ्याचाच मुलगा. म्हणून कोणतेही सरकार मित्राला शस्त्रे देण्याचा विचार करते, तेव्हा ही शस्त्रे उद्या कोणावर रोखली जाणार, हा प्रश्न जनतेने आधी विचारलाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.