होरेस वेल्स : स्वतःची दाढ पुढे करणारा दंतवैद्य

दाढ काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गोळा येतो ना? मोठ्यांच्याही येतो, फक्त आम्ही ते बोलून दाखवत नाही. आज ज्याच्याबद्दल वाचणार आहोत त्या माणसामुळे ही भीती बरीचशी कमी झाली. पण त्याचं स्वतःचं आयुष्य मात्र त्यातच होरपळून गेलं.

होरेस वेल्स यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात झाला. बोस्टनला दंतवैद्यकी शिकून १८३६ च्या सुमारास त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात दवाखाना थाटला. हात चांगला होता, नाव झालं. दातांची निगा कशी राखावी यावर १८३८ मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तकही लिहिलं.

पण दात काढणं म्हणजे त्या काळी काय होतं, याची जरा कल्पना करा. भूल नाही, इंजेक्शन नाही. किल्लीसारखं दिसणारं एक लोखंडी हत्यार असायचं. त्याचा आकडा दाढेला अडकवायचा आणि कुलूप उघडावं तशी मूठ फिरवायची. कधी दाढ निघे, कधी मधेच मोडे, कधी जबड्याचं हाडही दुखावे. रुग्ण किंचाळतोय आणि आपण हात चालवतोय, असं रोजचं काम. वेल्स यांना याचा त्रास होई, हे त्यांच्या पुढच्या धडपडीवरून दिसतंच.

१० डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी ते पत्नी एलिझाबेथसह एक खेळ पाहायला गेले. गार्डनर कोल्टन नावाचा गृहस्थ लोकांना नायट्रस ऑक्साइड हुंगायला देई आणि ते हसू-नाचू लागले की प्रेक्षकांची करमणूक होई. म्हणूनच याला हसवणारा वायू म्हणतात. (रसायनशास्त्राच्या तासाला तुम्ही एन टू ओ लिहिता, तोच हा!) सॅम्युअल कूली नावाचा तरुण वायू घेऊन सैरावैरा धावला, बाकांवर आपटला आणि त्याचा पाय चांगलाच सोलवटला. पण तो शांतपणे जागेवर येऊन बसला. दुखलं कसं नाही, असं वेल्स यांनी विचारलं तेव्हा कुठे त्याचं पायाकडे लक्ष गेलं. बाकीचे हसत होते, वेल्स मात्र विचारात पडले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोल्टनला वायूची पिशवी घेऊन दवाखान्यात बोलावलं. प्रयोग कोणावर करायचा? वेल्स यांची स्वतःची एक दाढ त्रास देत होती. ते खुर्चीत बसले, वायू ओढला, मान कलली. सहकारी जॉन रिग्ज यांनी दाढ काढली. शुद्धीवर आल्यावर वेल्स यांना वेदना आठवत नव्हत्या! वायू जास्त झाला तर काय, हे त्या खोलीत कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, हे लक्षात घ्या.

पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी बारा-पंधरा रुग्णांवर हीच पद्धत वापरली. मग जानेवारी १८४५ मध्ये ते बोस्टनला गेले आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. इथे घात झाला. वायू पुरता भिनण्याआधीच पिशवी बाजूला घेतली गेली. दात ओढताच रुग्ण ओरडला. हॉलभर हुर्यो उडाली, लबाड ठरवून वेल्स यांना परत पाठवलं गेलं. आपल्याला नेहमीइतकं दुखलं नाही असं त्या रुग्णाने नंतर सांगितलं, पण ते ऐकायला तिथे होतं कोण?

आता थोडं आजच्या दवाखान्यात येऊ, कारण बोस्टनला जी काही मिनिटं कमी पडली तीच आज तुमच्यासाठी राखून ठेवलेली असतात. हिरडीत इंजेक्शन देतात, तेव्हा मुंगी चावल्यासारखं टोचतं. मग डॉक्टर थांबतात. ओठ जड होतो, गाल सुजल्यासारखा वाटतो. हिरडी बधिर झाली का हे ते टोचून पाहतात. तेव्हा भिडेखातर मान डोलवू नका. अजून कळतंय तर कळतंय म्हणून सांगा, ते आणखी औषध देतात. दाढ निघताना जोराचा दाब जाणवतो, कर्र असा आवाजही येतो. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा त्या आवाजालाच मी जास्त घाबरलो होतो. पण कळ येत नाही. आधी आपले आजार आणि चालू गोळ्या सांगायच्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या.

नंतर गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती म्हणजे जखमेचं झाकण. म्हणून पहिले २४ तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकत बसायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, आणि मोठ्यांनी तंबाखू-सिगारेट तर मुळीच नाही. गुठळी निघाली की हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी भयंकर ठणका लागतो. तसं झालं किंवा रक्त थांबलंच नाही तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच चुळा भरायच्या.

तर, वेल्स. बोस्टनच्या फजितीनंतर त्यांची तब्येत ढासळली, दवाखाना सुटत-लागत राहिला. पोटासाठी त्यांनी अंघोळीचे फवारे विकले, कॅनरी पक्षी विकले. एवढ्यात त्यांचेच जुने शिष्य आणि भागीदार विल्यम मॉर्टन यांनी ईथर वापरून एका रुग्णाचा दात काढला, आणि १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल देऊन दाखवली. जगभर मॉर्टन यांचा गाजावाजा झाला. वेल्स आपला हक्क सांगायला पॅरिसपर्यंत गेले.

१८४८ च्या सुरुवातीला ते न्यूयॉर्कला आले आणि क्लोरोफॉर्म हुंगून स्वतःवरच प्रयोग करू लागले. त्या अमलात मन ताळ्यावर राहिलं नाही. रस्त्यात त्यांनी स्त्रियांवर आम्ल फेकलं आणि त्यांना अटक झाली. ज्याने आयुष्यभर लोकांचं दुखणं कमी करायची धडपड केली, त्याच्या हातून हे घडावं! हा भाग गाळून त्यांचं चरित्र सांगणारे पुष्कळ आहेत, मला ते बरोबर वाटत नाही. त्या स्त्रियांची जखमही खरीच होती. २४ जानेवारी १८४८ रोजी तुरुंगातच त्यांनी आपलं जीवन संपवलं. वय अवघं तेहतीस.

त्याच महिन्यात पॅरिसच्या वैद्यकीय मंडळाने शोधाचं श्रेय वेल्स यांना दिलं होतं. ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. १८६३ नंतर त्याच कोल्टनने हा वायू पुन्हा दातांसाठी वापरायला घेतला आणि हजारो लोकांचे दात त्याखाली निघाले. आजही काही दवाखान्यांत घाबरणाऱ्या मुलांना तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावाटे देतात. अमेरिकन डेंटल असोसिएशनने १८६४ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८७० मध्ये वेल्स यांचं श्रेय मान्य केलं, आणि १८७५ मध्ये हार्टफर्डच्या बुशनेल पार्कमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला.