क्लिफर्ड मॅन्शार्ट
क्लिफर्ड मॅन्शार्ट (जन्म : १८९७) हे अमेरिकन मिशनरी व भारतातील समाजकार्य शिक्षणाचे आद्य प्रवर्तक होते. शिकागो विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर १९२५ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले. अहमदनगर, शिरूर, सोलापूर या भागांत मिशनचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालू होते. तेथे धर्मप्रसार व शाळांवर भर असे. मॅन्शार्ट यांनी महानगरातील दाट वस्तीसाठी निराळा मार्ग निवडला. मुसलमान, ज्यू, हिंदू व ख्रिस्ती रहिवाशांच्या नागपाडा भागात त्यांनी नागपाडा नेबरहूड हाउस उभारले. धर्मभेद न करता तेथे मुलांच्या खेळांसह शिक्षण व आरोग्यसेवेची सोय करण्यात आली.

नागपाड्यात बास्केटबॉल रुजण्यात अमेरिकन मिशनऱ्यांचा मोठा वाटा होता. भारतीय संघाचे कर्णधार व अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर याच वस्तीत घडले.

अशा कामासाठी प्रशिक्षित कार्यकर्त्यांची गरज मॅन्शार्ट यांना जाणवली. त्यातून १९३६ मध्ये टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क नागपाड्यातच सुरू झाले. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक होते. हीच संस्था १९४४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.