जॉर्ज क्यूव्हिए

मगर म्हटली कीं प्रचंड जबड्याचें भयंकर जनावर आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु दक्षिण अमेरिकेंत ॲमेझॉन व ओरिनोको या नद्यांच्या खोऱ्यांतील अरण्यांत केमन नांवाच्या मगरीची एक ठेंगणी जात आहे. तिची मादी सुमारें ४ फूट लांब असते. नर थोडा मोठा. वरच्या पापणींत हाडाचें कवच असणें हें तिचें एक लक्षण. या जातीस १८०७ सालीं शास्त्रीय नांव देणारा फ्रेंच पंडित जॉर्ज क्यूव्हिए याचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

क्यूव्हिएचा जन्म २३ ऑगस्ट १७६९ रोजीं माँबेल्यार येथें झाला. हें गांव त्या वेळीं व्युर्टेंबर्गच्या ड्यूकच्या अमलाखालीं होतें. घरची स्थिति बेताचीच. आई त्याच्या अभ्यासाकडे जातीनें लक्ष देई. बुफाँच्या ग्रंथांतील प्राण्यांचीं चित्रें पाहून तो तशींच काढीत असे. स्टुटगार्ट येथें शिक्षण पुरें झाल्यावर त्यानें नॉर्मंडींत एका उमरावाच्या मुलास शिकविण्याची नोकरी धरली. समुद्रकांठचे जीव चिरून पाहावे आणि त्यांचीं चित्रें काढावीं, हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. १७९५ सालीं तो पॅरिसच्या निसर्गसंग्रहालयांत रुजू झाला.

दुसऱ्याच वर्षीं, आफ्रिकेचा व हिंदुस्थानचा हत्ती या दोन भिन्न जाती असून सायबेरियांत ज्याचे अवशेष सांपडतात तो मॅमथ या दोहोंहून निराळा आहे, असें त्यानें हाडांवरून दाखविलें. प्राण्यांच्या जाती पृथ्वीवरून कायमच्या नाहींशा होतात, हें पुढें त्याच्यामुळें सर्वमान्य झालें. दक्षिण अमेरिकेस तो कधींच गेला नाहीं. तरी संग्रहालयांतील नमुने बारकाईनें तपासून त्यानें या लहान मगरीचें निराळेपण ओळखलें. त्याचीं चारही अपत्यें त्याच्या हयातींतच वारलीं; तथापि त्यानें अखेरपर्यंत काम सोडलें नाहीं. १३ मे १८३२ रोजीं पॅरिस येथें त्याचा अंत झाला.

परंतु थोरांचे दोषही आम्हीं झांकूं नयेत. दक्षिण आफ्रिकेच्या सारा बार्टमन या स्त्रीस युरोपांत पैसे घेऊन लोकांस दाखवीत असत. १८१५ सालीं ती वारल्यावर क्यूव्हिएनें तिच्या देहाचें विच्छेदन केलें, व तिच्या अस्थि पुढें संग्रहालयांत मांडल्या गेल्या. त्या मायदेशीं पोहोंचावयास २००२ साल उजाडावें लागलें. मगरीच्या पापणींतील हाड ज्याच्या दृष्टींतून सुटलें नाहीं, त्यास या भगिनीचें माणूसपण मात्र दिसलें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं क्यूव्हिएची चिकाटी व सूक्ष्म दृष्टि अवश्य घ्यावी. मात्र त्या दृष्टीस दयेची जोड द्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.