छातीवरचे रोपटे

कोरिया हा पूर्व आशियातील एक प्राचीन देश. इ. स. १९१० मध्ये जपानने तो आपल्या साम्राज्यास जोडला. त्यानंतर दोनच वर्षांनी, यालू नदीच्या काठी असलेल्या सिनुइजू या गावी, एका गरीब कुटुंबात सोन की-चुंग याचा जन्म झाला. धावण्यासाठी धन लागत नाही. चिवट पाय आणि न खचणारे मन लागते. सोनपाशी ही दोन्ही होती. १९३५ मध्ये त्याने मॅरेथॉन शर्यत २ तास २६ मिनिटे ४२ सेकंदांत पुरी करून जागतिक विक्रम केला.

पुढच्याच वर्षी बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. पराधीन कोरियाला स्वतःचा संघ नव्हता. सोनला जपानच्या बाजूने धावावे लागले. त्याचे नावही जपानी धर्तीवर सोन कितेई असे नोंदले गेले. तरी कोणी स्वाक्षरी मागितली, की तो आपले खरे नाव कोरियन लिपीत लिहून देई.

९ ऑगस्ट १९३६ रोजी शर्यत झाली. प्रारंभी अर्जेंटिनाचा झाबाला पुष्कळ पुढे गेला. सोनच्या बरोबरीने धावणाऱ्या इंग्लंडच्या हार्परने त्याला घाई न करण्याविषयी सुचविले. सोनने ते मानले. पुढे झाबाला थकला आणि सोन सर्वांआधी क्रीडांगणात शिरला. हार्पर दुसरा आला. तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियनच होता.

विजयमंचामागे जपानचा ध्वज चढू लागला. दोघा कोरियन तरुणांनी माना खाली घातल्या. विजेत्याला ओक वृक्षाचे एक रोपटे मिळाले होते. सोनने ते छातीशी धरले आणि सदऱ्यावरचे जपानी ध्वजचिन्ह झाकून टाकले. नामला सोनच्या सुवर्णपदकापेक्षा त्या रोपट्याचाच अधिक हेवा वाटला!

कोरियातील डोंग-आ इल्बो या वृत्तपत्राने सोनचे छायाचित्र छापताना ते चिन्ह पुसून टाकले. त्याबद्दल पत्रकारांना तुरुंगवास घडला आणि पत्र सुमारे नऊ महिने बंद राहिले.

क्रीडांगणावर राजकारण आणू नये, असे म्हणतात. ते पुष्कळ अंशी खरे आहे. पण सोनच्या छातीवर परक्यांचे चिन्ह कोणी लावले होते? राजकारण तेथे त्याच्या आधीच येऊन पोचले होते. सोनने शर्यतीत व्यत्यय आणला नाही की कोणा प्रतिस्पर्ध्याचा अवमान केला नाही. त्याने आधी खेळाचा धर्म पाळला आणि मग मूकपणे देशाचा.

१९४५ मध्ये जपानची सत्ता संपली. १९८८ मध्ये सोल येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा शहात्तर वर्षांचा सोन लहान मुलासारखा उड्या मारीत ज्योत घेऊन क्रीडांगणात आला. या वेळी त्याच्या छातीवर झाकण्याजोगे काही नव्हते. २००२ मध्ये तो निवर्तला. ऑलिंपिकच्या नोंदवहीत त्याचे पदक अजूनही जपानच्या नावावर आहे; पण सोल शहरात त्याच्या शाळेच्या जुन्या आवारात लावलेल्या त्या रोपट्याचा आज मोठा वृक्ष झाला आहे.